घर हलवताना काडतुसं पार्सलने पाठवायची आहेत: ह्यूस्टन ते कोलंबस

घाटमाथा

ह्यूस्टनहून कोलंबसला (ओहायो) मुक्काम हलतोय. मूव्हर्सच्या 'नेणार नाही' यादीत काडतुसं, पावडर (बंदुकीची दारू) आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडात बसणारी, आघाताने पेटणारी टोपी) ठळक अक्षरांत आहेत. गाडी ट्रान्सपोर्टरच्या ट्रकवर जाणार, त्यालाही गाडीत असलं काही चालत नाही. आम्ही दोघं विमानाने जाऊ. बंदुका माझ्याकडे राहणार नाहीत, त्यांची सोय वेगळी झाली आहे. प्रश्न फक्त काडतुसांचा.

साठा असा: पिस्तुलाची ९ मिमी २,०००, लहान .२२ एलआर २,५००, रायफलची .३०८ ची २००, बारा बोअर शॉटगनची २५० (टारगेट लोड, म्हणजे सरावाची). शिवाय रीलोडिंगचं (घरी काडतुसं पुन्हा भरण्याचं) सामान: दोन पौंड पावडर, १,००० प्रायमर, ९ मिमीच्या १,००० रिकाम्या पितळी केस, त्यातल्या साधारण ३०० मध्ये प्रायमर बसवलेले आहेत.

खासगी माणसाला हे पार्सलने पाठवता येतं का? परवाना लागतो का? डब्यावर काय लावायचं? ग्रीन कार्ड आहे.

नवसागर

पाठवता येतं. साध्या काडतुसांसाठी फेडरल परवाना लागत नाही. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात काडतुसं पाठवण्यावर जे बंधन घातलं होतं, ते १९८६ च्या दुरुस्तीने उठवलं. पण काडतूस हा स्फोटक माल आहे, त्यामुळे बंदुकीच्या कायद्याआधी वाहतुकीचा कायदा बघावा लागतो. तो सीएफआरच्या (फेडरल नियमसंग्रहाच्या) ४९ व्या भागात आहे. तुमचं सगळं काम त्यातल्या १७३.६३ या कलमाभोवती फिरतं, ते एकदा मुळातून वाचाच.

धोकादायक मालाच्या यादीत काडतुसांचा क्रमांक यूएन ००१२, वर्ग १.४एस (कमी धोक्याचा स्फोटक). पूर्ण नियम लावले तर वेगळी कागदपत्रं, वेगळी लेबलं, प्रशिक्षण असं सगळं येतं. पण लहान शस्त्रांच्या काडतुसांना 'लिमिटेड क्वांटिटी' (मर्यादित प्रमाण) ही सवलत आहे. रायफल, पिस्तूल किंवा शॉटगनचं काडतूस हवं. रायफल-पिस्तुलाचा व्यास अर्ध्या इंचापर्यंत, म्हणजे १२.७ मिमी. शॉटगन ८ गेजपर्यंत (गेज म्हणजेच बोअर). गोळीत आग लावणारा, अश्रुधुराचा किंवा फुटणारा भाग नसावा. तुमची चारही या चौकटीत बसतात.

बांधणीच्या अटी त्याच कलमात आहेत. काडतुसं आतल्या खोक्यात, घट्ट बसणाऱ्या कप्प्यांत किंवा धातूच्या क्लिपमध्ये असावीत. प्रायमरवर अपघाताने आघात होणार नाही अशी रचना हवी. बाहेरचा डबा मजबूत आणि नीट बंद. डब्यासकट एकूण वजन ३० किलोच्या, म्हणजे ६६ पौंडांच्या आत. सुटी काडतुसं थेट मजबूत डब्यात भरायची मुभा .२२ रिमफायरला (म्हणजे तुमच्या .२२ एलआरला) आहे, बाकीच्या तिघांना नाही. झिपलॉक पिशवीत दोनशे ९ मिमी टाकून पिशवी डब्यात ठेवणं हे सरळ उल्लंघन आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा हेच होतं.

ही सवलत जमिनीवरच्या वाहतुकीपुरती धरा. ग्राउंड सोडून दुसरी कुठलीही सेवा निवडू नका. म्हणून अलास्का आणि हवाई बाद. तुमचा मार्ग मात्र सरळ आहे.

ओहायोकर

नवसागर यांनी वाहतुकीची बाजू सांगितली. बंदूक कायद्यातली एक अट लोक हमखास विसरतात.

यूएस कोड, भाग १८, कलम ९२२(ई). परवानाधारक नसलेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यात बंदूक किंवा काडतुसं पाठवायची असतील तर वाहतूक कंपनीला लेखी कळवणं बंधनकारक आहे. काउंटरवर तोंडी सांगून भागत नाही. तुम्ही स्वतःच स्वतःला नव्या पत्त्यावर पाठवत असलात तरी घेणारा परवानाधारक नाही, म्हणजे अट लागू.

पत्र अर्ध्या पानाचं पुरतं. तारीख, पाठवणारा, घेणारा, दोन्ही पत्ते, डब्यांची संख्या, प्रत्येक डब्याचं वजन, आणि एक स्पष्ट वाक्य: या डब्यांत लहान शस्त्रांची काडतुसं आहेत, यूएन ००१२, १.४एस, लिमिटेड क्वांटिटी, फक्त जमिनीवरून न्यावीत. खाली सही. दोन प्रती काढा. एक त्यांना द्या, दुसरीवर काउंटरवरच्या माणसाची सही, नाव, तारीख घ्या. सही द्यायला नकार दिला तर तिथल्या तिथे पत्र आणि पावती शेजारी ठेवून फोटो काढा, वेळ नोंदवा.

याच कलमात असंही आहे की आत बंदूक आहे असं डब्याच्या बाहेर लिहा, अशी सक्ती कंपनीला करता येत नाही. ते वाक्य बंदुकीपुरतं आहे. काडतुसांच्या डब्यावरची लिमिटेड क्वांटिटीची खूण हा वेगळा नियम आहे, ती लागतेच. ती सोडून बाहेर 'अ‍ॅमो' वगैरे काही लिहू नका. कायदा ते मागत नाही आणि चोराला आयती खूण मिळते.

दोन_नळी

कंपनी कुठली, हे कोणीच सांगितलं नाही अजून.

पोस्ट म्हणजे यूएसपीएस, पूर्ण बंद. त्यांच्या पब्लिकेशन ५२ या नियमपुस्तिकेत काडतुसं, पावडर, प्रायमर सगळं टपालात निषिद्ध आहे. एका ठरावीक दरात ७० पौंडांपर्यंत वजन जाणारा त्यांचा डबा काडतुसांसाठी फार मोहाचा वाटतो, कारण माल लहान आणि जड असतो. त्या मोहात पडू नका. टपालात निषिद्ध वस्तू टाकणं हा फेडरल गुन्हा आहे.

उरल्या खासगी कंपन्या. कायद्यात बसतं म्हणजे कंपनीने घेतलंच पाहिजे असं नाही, हे आधी मनात पक्कं करा. त्यांची धोरणं कायद्यापेक्षा कडक असतात आणि दर थोड्या दिवसांनी बदलतात. फेडएक्सकडे आधी मंजूर झालेलं खातं नसेल तर तो रस्ता धरू नका. खासगी माणसाने विचारून बघायचा रस्ता यूपीएस ग्राउंडचा. तिथेही त्या दिवशीच्या अटी वाचा आणि धोकादायक मालाच्या विभागाला फोन करा. 'लिमिटेड क्वांटिटी, ग्राउंड, यूएन ००१२' हे शब्द वापरा. नुसतं 'काडतुसं पाठवायची आहेत' म्हटलं की नवखा माणूस घाबरून नाहीच म्हणतो.

डबा कंपनीच्या स्वतःच्या कस्टमर सेंटरवर न्यायचा. गल्लीतल्या फ्रँचायझी दुकानात, ड्रॉप बॉक्समध्ये, किराणा दुकानातल्या पिकअप पॉइंटवर नाही. तिथे धोकादायक माल स्वीकारतच नाहीत. ही चूक नेहमीची आहे: दुकानातला मुलगा काही न बघता डबा ठेवून घेतो, पुढे मोठ्या केंद्रात खूण दिसते आणि डबा अडकतो.

लेबल स्वस्तात विकणाऱ्या तिसऱ्या वेबसाइटवरून घेऊ नका. करार त्या साइटचा आणि कंपनीचा असतो. त्यात धोकादायक माल धरलाय की नाही यावर तुमचं काहीच नियंत्रण नाही.

पितळी_डबा

रीलोडिंगच्या सामानाबद्दल मी सांगतो, कारण इथे गल्लत झाली तर ती महागात पडते.

तुमच्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याच्या नजरेत त्यांचं एकमेकींशी काही नातं नाही.

रिकामी केस, प्रायमर काढलेली किंवा उडालेली: नुसतं पितळ. कुठल्याही मार्गाने जातं, टपालानेही. सुट्या शिशाच्या गोळ्यांचंही तेच, नुसता धातू.

प्रायमर बसवलेली केस: हिला रिकामी म्हणू नका. प्रायमर हा स्फोटक आहे आणि या केसेसना स्वतंत्र क्रमांक आहे, यूएन ००५५. तुमच्या ३०० केस आधी वेगळ्या काढा. हजारांच्या ढिगात त्या नजरेतून सुटतात. प्रत्येक केस उलटी करून बुडाकडे बघा: उडालेल्या प्रायमरवर फायरिंग पिनचा खड्डा असतो, न उडालेला गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. ट्रेमध्ये बूड वर करून पन्नास-पन्नास उभ्या लावल्या की दहा मिनिटांत एका नजरेत कळतं. ७०० केस टपालाने पाठवताना त्यात अशी एक जरी गेली तरी टपालाचा नियम मोडला.

सुटे प्रायमर (यूएन ००४४) आणि सुटी पावडर: या दोघांना काडतुसांची सवलत नाही. कंपन्या त्यावर वेगळी धोकादायक-माल फी लावतात, प्रशिक्षित पाठवणारा मागतात. ऑनलाइन पावडर मागवताना बिलात 'हॅझमॅट फी' दिसते ती याचीच. खासगी माणसाने या भानगडीत पडू नये. दोन पौंड पावडर आणि हजार प्रायमर ह्यूस्टनमधल्याच एखाद्या रीलोडरला देऊन टाका आणि ओहायोत नवीन घ्या.

'काडतुसांच्या डब्यात खाली पावडरची बरणी बसेल' असं मनातही आणू नका. त्या क्षणी लिमिटेड क्वांटिटीची खूण खोटी ठरते.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. ३०० केस वेगळ्या काढतो. आता बांधणीचं सांगा: डबा किती मोठा, किती वजन, खूण नक्की कशी?

करवंद

बांधणी मी घेते.

आधी वजनाचा हिशेब. ११५ ग्रेनच्या (साडेसात ग्रॅमच्या) गोळीचं ९ मिमी काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे हजाराचे खोक्यांसकट २७-२८ पौंड. .२२ च्या पाचशेच्या विटेचे पावणेचार पौंड धरा, पाच विटांचे १८-१९. बारा बोअरचं सव्वा औंस शॉटचं (छर्र्यांचं) काडतूस ४५ ग्रॅमच्या आसपास, २५० चे २५-२६ पौंड. .३०८ ची दोनशे सुमारे ११ पौंड. एकूण ११० पौंडांच्या घरात जातं.

कायदा ६६ पौंडांपर्यंत जाऊ देतो, पण तुम्ही जाऊ नका. काडतुसांचा डबा आकाराच्या मानाने भयंकर जड असतो. उचलणाऱ्याला डोळ्यांनी अंदाज येत नाही, तो एका हाताने ओढतो, डबा कोपऱ्यावर आपटतो. ३० पौंडांच्या आसपास ठेवा. चार डबे करा: ९ मिमीचे हजार-हजार दोन, बारा बोअरचा एक, आणि .२२ व .३०८ मिळून एक.

डबा नवीनच घ्या. तळाशी गोल शिक्का असतो, त्यात पुठ्ठ्याची ताकद छापलेली असते. '३२ ईसीटी' लिहिलेला साधा डबा कागदोपत्री ६५ पौंडांचा असतो, पण तो हलक्या, पसरलेल्या मालाचा हिशेब आहे. शिशासारख्या दाट मालाला ४४ ईसीटी किंवा दुहेरी भिंतीचा घ्या. माल भरल्यावर वर-बाजूला एक-दीड इंचाहून जास्त रिकामी जागा राहू नये. ती जागा चुरगाळलेल्या जाड कागदाने ठासून भरा. थर्माकोलचे दाणे वापरू नका. वाटेतल्या हादऱ्यांनी जड खोकी त्या दाण्यांतून खाली उतरतात आणि दाणे वर येतात. दोन दिवसांनी डब्यात खालचा थर ठोकर खात असतो.

आतली कारखान्याची खोकी असतील तर उत्तम. पन्नासच्या खोक्याचं झाकण मधल्या हादऱ्याने उघडतं, म्हणून प्रत्येकाला टेपचा एक वळसा द्या. प्लास्टिकचे बिजागरीचे डबे असतील तर कडीवर टेप हवीच. भरलेली मॅगझिन पाठवू नका, धातूची क्लिप म्हणजे मॅगझिन नव्हे.

टेप दोन इंच रुंद, चांगली चिकट प्लास्टिकची, किंवा पाण्याने चिकटणारी धाग्याची. मधली फट आणि दोन्ही टोकं मिळून 'एच' आकार झाला पाहिजे, वर आणि खाली दोन्हीकडे. भरून झाल्यावर डबा दोन हातांनी हलवून बघा. आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.

नवसागर

खूण मी सांगतो, यात एक मोजमापाचा घोटाळा हमखास होतो.

२०२० पर्यंत डब्यावर 'ओआरएम-डी' (याच सवलतीची जुनी खूण) लिहिलेलं चालायचं. ती पद्धत ३१ डिसेंबर २०२० ला संपली. आता चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखी शंकरपाळ्याच्या आकाराची खूण लागते: वरचा आणि खालचा त्रिकोण काळा, मधला पट्टा पांढरा, आत काहीही लिहिलेलं नाही. मध्ये 'वाय' छापलेली जी असते ती विमानाची, ती घेऊ नका.

प्रत्येक बाजू कमीत कमी १०० मिमी, कडेची रेघ २ मिमी. आता घोटाळा. बाजू १०० मिमी म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १४१ मिमी, साडेपाच इंचांहून थोडं जास्त. काडतुसांचा डबा बुटका असतो, पाच इंच उंच. त्यावर ही खूण बसत नाही, मग लोक ती कोपऱ्यावरून दुमडतात. दुमडलेली खूण म्हणजे खूण नाही. एक तर सहा इंचांहून उंच डबा घ्या, नाहीतर आकारामुळे खरोखरच जागा नसेल तर बाजू ५० मिमीपर्यंत आणि रेघ १ मिमीपर्यंत कमी करण्याची परवानगी आहे. मोठ्या डब्यावर लहान खूण मात्र चालत नाही.

खूण डब्याच्या एका बाजूला किंवा टोकाला, सपाट, पूर्ण दिसेल अशी. तिच्यावरून टेप किंवा पत्त्याचं लेबल जाऊ देऊ नका. घरी छापायची तर लेझर प्रिंटरवर. इंकजेटची शाई पावसाच्या एका सरीत ओघळते आणि काळा त्रिकोण राखाडी होतो.

पुन्हा वापरलेला डबा असेल तर जुन्या सगळ्या खुणा झाकायच्या: ओआरएम-डी, लिथियम बॅटरी, दुसऱ्या कशाचंही. नुसती रेघ मारून भागत नाही, आतलं काही दिसता कामा नये. लष्करी लोखंडी पेटी वापरत असाल तर ती पुठ्ठ्याच्या डब्यात घाला. तिच्यावरचे पिवळे आकडे आणि नारिंगी लेबल बाहेरून दिसले तर केंद्रात ती बाजूला काढतात.

लिमिटेड क्वांटिटीच्या जमिनीवरच्या पार्सलला शिपिंग पेपर लागत नाही. पण ओहायोकर म्हणतात ते पत्र लागतं. या दोन गोष्टी एक समजू नका.

बाभूळ

करवंदताई, सव्वा औंस शॉट म्हणालात. टारगेट लोड बहुतेक सव्वा नव्हे, एक पूर्णांक एक अष्टमांश औंसाचा असतो.

करवंद

बरोबर, माझी चूक. ४५ ग्रॅम हे वजन एक पूर्णांक एक अष्टमांशचंच आहे. सव्वा औंसाचं असेल तर अडीचशेमागे दोन पौंड वाढवा.

बाभूळ

टेक्सास ते ओहायो हा सोपा मामला आहे, दोन्ही राज्यांत काडतुसांवर वेगळं बंधन नाही. पण हा धागा वाचून दुसरं कोणी न्यू जर्सीला किंवा बे एरियात पाठवेल, म्हणून लिहितो.

कॅलिफोर्नियात काडतुसांचा व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फत करावा लागतो, ही अट १ जानेवारी २०१८ पासून. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला पार्श्वभूमी तपासणी आली. त्यावर खटला चालू आहे. जानेवारी २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने तपासणी घटनाबाह्य ठरवली, वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली, आणि प्रकरण अपिलात गेलं. त्यामुळे पाठवण्याच्या दिवशीची स्थिती बघूनच पाऊल टाका. मित्राच्या घरी थेट पाठवू नका.

न्यू यॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून काडतुसांच्या विक्रीला तपासणी लागते. इलिनॉयमध्ये घेणाऱ्याकडे एफओआयडी कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र) हवं, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची त्यांची कार्डं. न्यू जर्सीत होलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळ्यांवर वेगळी बंधनं. घेणाऱ्याच्या राज्याचा कायदा पाठवणाऱ्याला माहीत नव्हता, हे कारण कुठेही चालत नाही.

ओहायोकर

आता आपल्या लोकांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. घाटमाथांना ग्रीन कार्ड आहे, त्यांना अडचण नाही. पण हा धागा वाचणारे अर्धे एच-१बी वर असतील.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, असा कुठलाही नॉनइमिग्रंट व्हिसा असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, कलम ९२२(जी)(५)(बी). एकच राउंड (काडतूस) असला तरी मोजतात. नेमबाजीच्या रेंजवरून खिशात राहिलेला सुद्धा. यातून मुख्य सुटका म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन. ते त्याच राज्याचं असायला लागत नाही, पण मुदत चालू हवी. टेक्सासचं लायसन ३१ ऑगस्टला संपतं, आणि घरं बहुतेक उन्हाळ्यातच हलवली जातात. १ सप्टेंबरला नवं घेतलं नसेल तर कपाटातली काडतुसं त्या सकाळपासून गुन्हा ठरतात. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, एवढ्याने फरक पडतो असं धरू नका. कार्ड हातात येईपर्यंत स्वतःला एच-१बी वालाच समजा.

दुसरी बाजू तितकीच गंभीर. ज्याला बाळगायला मनाई आहे, हे माहीत असताना किंवा तसं वाटण्यास पुरेसं कारण असताना त्याला काडतुसं देणाराही गुन्हेगार ठरतो, कलम ९२२(डी). रूममेट एच-१बी वर आहे हे तुम्हाला माहीतच असतं. त्यामुळे घाटमाथा, उरलेली पावडर-काडतुसं कोणाला देताना व्हिसा आणि लायसन विचारा. संकोच करू नका. तुमच्या विचारण्याने त्याचीही नोकरी आणि व्हिसा वाचतो.

सह्यकडा

भारतात भावाला थोडी .२२ पाठवता येतील का? तो पुण्यात नेमबाजी करतो, तिकडे चांगली काडतुसं फार महाग मिळतात.

ओहायोकर

नाही. पार्सलने अजिबात नाही. इथून निर्यातीचे नियम, तिथे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ आणि आर्म्स रूल्स २०१६. आयात परवान्याशिवाय होत नाही, आणि तिथे नेमबाजांसाठी वेगळी अधिकृत वाट आहे. भावाला त्याच्या रायफल असोसिएशनकडे विचारायला सांगा.

याला जोडून एक कळकळीची सूचना. इथे रेंजवर वापरलेली पाठपिशवी घेऊन भारतात जाऊ नका. परतीच्या वेळी मुंबई-दिल्लीच्या तपासणीत तळाच्या शिवणीत एक जिवंत राउंड सापडला तरी आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम २५ खाली गुन्हा नोंदतात. 'जाणीवपूर्वक ताबा' असायला हवा हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल निकालात सांगितलं आहे, आणि त्या आधारावर असे गुन्हे पुढे उच्च न्यायालयांत रद्दही झाले आहेत. पण तोवर विमान सुटलेलं असतं आणि पुढच्या खेपा कोर्टाच्या. रेंजची पिशवी वेगळी, प्रवासाची वेगळी. काडतुसाच्या केसची कीचेनही नको.

दोन_नळी

घाटमाथा, विमानाचा पर्याय तुम्ही बाजूला टाकलात, पण त्यात थोडा भार कमी होतो.

चेक-इन सामानात काडतुसं नेता येतात, केबिनमध्ये कधीच नाही. विमान कंपन्या प्रत्येक प्रवाशाला ११ पौंड, म्हणजे ५ किलोपर्यंत देतात. काही कंपन्यांच्या आणखी अटी असतात, तिकीट काढण्याआधी बघा. काडतुसांसाठीच बनवलेल्या खोक्यात हवीत, म्हणजे कारखान्याचं खोकं किंवा प्लास्टिकचा कप्प्यांचा डबा. दोघांची मर्यादा एका सुटकेसमध्ये एकत्र करू देत नाहीत, दोन वेगळ्या बॅगा करा. काउंटरवर आपणहून सांगा. ९ मिमी खोक्यासकट माणशी पावणेचारशे ते चारशे बसतात. पावडर आणि प्रायमर मात्र दोन्हीकडे बंद, चेक-इनमध्येही नाही.

पितळी_डबा

खरं सांगायचं तर गाडी ट्रान्सपोर्टरवर न घालता स्वतः चालवत नेणं हाच माझ्या मते उत्तम मार्ग आहे. सुमारे १,२०० मैल, दोन दिवस. लिटल रॉक, मेम्फिस, नॅशव्हिल, लुईव्हिल, सिनसिनाटी. खासगी माणूस खासगी गाडीतून बिगर-व्यापारी कामासाठी नेत असेल तर हॅझमॅटचे नियमच लागू होत नाहीत, १७१.१ मध्ये तसं स्पष्ट आहे. ट्रान्सपोर्टरची फी वाचते, चार पार्सलांची वाचते, आणि पावडर-प्रायमरही तुमच्याबरोबर येतात. सगळं डिकीत, प्रवासी भागातून हात पोचणार नाही असं. डिकी वेगळी नसलेली एसयूव्ही असेल तर कुलूपबंद पेटीत. डॅशबोर्डचा कप्पा किंवा मधला कन्सोल पेटी म्हणून धरत नाहीत. पावडर आणि प्रायमर मूळ डब्यांतच, एकमेकांपासून दूर, आणि उन्हात गाडी उभी करून दिवसभर सोडू नका.

घाटमाथा

गाडी नेणं यावेळी खरंच शक्य नाही, कामावर हजर व्हायची तारीख ठरलेली आहे. म्हणून असं ठरवतोय: .३०८ आणि थोडी ९ मिमी दोन बॅगांत. बाकीचे तीन डबे ग्राउंडने. पावडर, प्रायमर आणि त्या ३०० केस क्लबमधल्या एका नागरिक सदस्याला. ७०० रिकाम्या केस मूव्हर्सच्या सामानात.

तीन डबे एकत्र मोठ्या खोक्यात घालून एकच पार्सल केलं तर?

नवसागर

नको. बाहेरच्या खोक्यावर 'ओव्हरपॅक' लिहावं लागतं, खूण पुन्हा लावावी लागते, आणि ९० पौंडांहून जड खोकं कोणी नीट हाताळत नाही. तीन वेगळी पार्सलं, तीन वेगळे ट्रॅकिंग क्रमांक, पत्र मात्र तिन्हींचं एकच चालेल, वजनं वेगवेगळी लिहा.

डब्यात काही टाकण्याआधी प्रत्येक खोकं एकदा उघडून बघा. हिरवी बुरशी आलेली, चेपलेली किंवा भिजलेली काडतुसं पाठवायची नाहीत. ती ह्यूस्टनमध्येच रेंजवर किंवा शेरिफच्या कार्यालयात विचारून जमा करा. आणि पाठवणारे तुम्ही आहात, म्हणजे आत काय आहे याची जबाबदारी कंपनीची नाही, तुमची. हॅझमॅटच्या एका उल्लंघनाचा कमाल दंड एक लाख डॉलरच्या घरात आहे. पत्राची प्रत, पावती आणि बंद करण्याआधीचा उघड्या डब्याचा फोटो वर्षभर जपून ठेवा.

करवंद

.३०८ बॅगेत नेताय तर दोनशे एका बॅगेत बसतील असं धरू नका. ती खोक्यांसकट ११ पौंडांच्या अगदी काठावर आहेत, काउंटरवरच्या काट्यावर थोडी वर गेली तर तिथेच काढून ठेवावी लागतील. १६० एका बॅगेत, उरलेली ४० दुसऱ्या बॅगेत ९ मिमीच्या २५० बरोबर. आणि घरी बाथरूमच्या काट्यावर बॅगेचं वजन नको, फक्त काडतुसांच्या खोक्यांचं करा, मर्यादा त्यांची आहे.

शिवाय तीन डब्यांपैकी .२२ चा आता १९ पौंडांचाच राहतो. ९ मिमीची उरलेली १,७५० आहेत, ती तिन्ही डब्यांत थोडी-थोडी वाटत बसू नका. ९ मिमीची हजार एकात, ७५० .२२ च्या डब्यात, बारा बोअर एकट्या. तेव्हा वजनं २८, ४० आणि २६ होतात. ४० चा डबा दुहेरी भिंतीचाच घ्या, आणि त्यात जड ९ मिमी खाली, .२२ वर.

घाटमाथा

दुहेरी भिंतीचा १२ × १० × ८ चा मिळाला. आठ इंच उंचीच्या बाजूवर १०० मिमीची खूण न दुमडता बसतेय, आत्ताच कागद लावून बघितलं.